संदेश कुणाच्या तोंडी द्यायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गफलत नको. तुम्ही पाऊण तासाची एकांकिका लिहिली आहे. एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कामगार गुदमरून मरतो. दुसऱ्या दिवशी सचिव, खजिनदार, कंत्राटदार आणि इमारतीत राहणाऱ्या एक वकीलबाई एकत्र बसतात. शेवटी वकीलबाई सगळ्यांना खडसावतात आणि पडदा पडतो. दिग्दर्शक म्हणतो, 'हे भाषण झालं.' तुम्ही विचारता की नाटककाराने सामाजिक जबाबदारीचा संदेश पात्रांमधून द्यायचा तरी कसा? भाषण काढलं तर संदेशच उरत नाही, अशी तुमची भीती आहे.

ती भीती खरी आहे, आणि अडचण तिथेच आहे. एक पात्र काढल्यावर नाटकाचा संदेश जात असेल, तर तो बाकीच्या पात्रांत कधी नव्हताच.

आधी एक कबूल करतो. मी जे सांगतोय ते बंद नाट्यगृहातल्या, तिकीट काढून किंवा स्पर्धेसाठी बसलेल्या प्रेक्षकांपुढच्या नाटकाबद्दल आहे. पथनाट्याचं गणित निराळं. तिथे माणूस दहा मिनिटं उभा राहतो, मागून वाहनांचे आवाज, पुढे कुणाचं तरी मूल रडतंय. तिथे थेट बोलावं लागतं, घोषणा द्याव्या लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. महात्मा फुल्यांच्या १८५५ च्या 'तृतीय रत्न'मध्ये विदूषक मधे मधे येऊन प्रेक्षकांशी सरळ बोलतो, जोशीबुवांचं ढोंग उघडं करतो. तिथे ते चालतं, कारण नाटकाने पहिल्यापासून तसा करार केलाय. तुमच्या वकीलबाई मात्र सुरुवातीला एक शेजारीण असतात आणि शेवटी अचानक नाटककार होतात. खटकतं ते हे.

आता मुद्द्यावर. जबाबदारी हा विषय घेतला की हात आपोआप मोठ्या शब्दांकडे जातो: समाज, माणुसकी, संवेदना. रंगमंचावर हे शब्द दिसत नाहीत. दिसतो तो निर्णय. अमुक माणसासमोर अमुक वेळी दोन वाटा होत्या आणि त्याने सोयीची धरली, इतकंच प्रेक्षकाला दाखवता येतं. म्हणून संहिता हातात आली की मी प्रत्येक पात्राच्या नावापुढे दोन गोष्टी लिहून काढतो. याने काय केलं किंवा करायचं टाळलं? आणि योग्य ते केलं असतं तर याचं काय गेलं असतं? दुसऱ्याचं उत्तर 'काहीच नाही' असेल, तर ते पात्र खलनायक होतं किंवा मूर्ख. दोन्ही प्रकारच्या पात्रांना पाहून प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण 'मी असा नाही' हे त्याला ठाऊक असतं.

याचा सगळ्यात शिस्तीतला नमुना म्हणजे जे. बी. प्रीस्टलीचं 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स'. पहिला प्रयोग १९४५ चा, सोव्हिएत रशियात; कथा घडते १९१२ मध्ये, इंग्लंडमधल्या एका कल्पित कारखानदारी गावात. श्रीमंत बर्लिंग कुटुंबात मुलीच्या साखरपुड्याची मेजवानी चालू असताना एक इन्स्पेक्टर येतो आणि एका तरुण मुलीच्या आत्महत्येची चौकशी सुरू करतो. तिचं मूळ नाव ईव्हा स्मिथ. आता बघा कोणी काय केलं. बापाने तिला कारखान्यातून काढलं, कारण आठवड्याला साधारण साडेबावीस शिलिंग मिळत होते ते पंचवीस करा म्हणणाऱ्या संपात ती पुढे होती. मुलीने तिला दुकानातल्या नोकरीवरून घालवलं, कारण ड्रेस घालून बघताना ही विक्रेती हसली असं तिला वाटलं. होणाऱ्या जावयाने तिला काही काळ ठेवली आणि सोडली. मुलापासून तिला दिवस गेले. आणि आईच्या धर्मादाय समितीने तिला मदत नाकारली.

यातल्या एकानेही खून केलेला नाही. बापाचं वागणं तर कुठल्याही मालकाला रास्त वाटेल असं. मुलीचा राग तर इतका क्षुल्लक की आपण सगळे कधी ना कधी काउंटरवर असं वागलेलो असतो. प्रीस्टलीचं कौशल्य वाटणीत आहे. दोष त्याने असा वाटलाय की कुणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही आणि कुणीच सुटतही नाही. इन्स्पेक्टर फोटोही एका वेळी एकालाच दाखवतो. तो चौकशीची पद्धत म्हणून तसं करतो. नाटककाराला त्यातून प्रत्येक पात्र सुटं करून त्याचा निर्णय स्वतंत्रपणे दाखवता येतो.

पण मला त्या नाटकातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा वाटते ती आईची. मिसेस बर्लिंग ठासून सांगते की या मुलीच्या पोटातल्या बाळाचा बाप जो कोणी असेल त्याला जबाबदार धरा, चारचौघांत कबूल करायला लावा, दयामाया दाखवू नका. प्रेक्षकाच्या तोवर लक्षात आलेलं असतं की तो बाप म्हणजे तिचाच मुलगा. तिच्या लक्षात आलेलं नसतं. म्हणजे नाटकातलं जबाबदारीवरचं सगळ्यात कडक भाषण सगळ्यात बेजबाबदार बाईच्या तोंडी आहे, आणि तिचा प्रत्येक शब्द तिच्याच गळ्यात पडतोय. तुम्हाला संदेशाची वाक्यं लिहायचीच असतील ना, तर खुशाल लिहा, पण अशा माणसाच्या तोंडी द्या ज्याला ती महागात पडतील.

तुम्ही म्हणाल, शेवटी इन्स्पेक्टर सरळ सरळ उपदेश करतोच की. करतो. जाताना तो आपण सगळे एकमेकांना कसे बांधलेले आहोत हे सांगतो आणि इशाराही देतो. ते भाषण खपतं याची मला दोन कारणं दिसतात. एक, ते येईपर्यंत पाचही जणांची कबुली होऊन गेलेली असते. भाषण नवीन काही सांगत नाही, घडलेल्याचा हिशेब मांडतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. भाषणानंतर नाटक संपत नाही. हा इन्स्पेक्टर खरा नव्हताच असं घरच्यांना कळतं, दवाखान्यात कुणी मेलेलंही नाही असं फोनवर समजतं, आणि आईबाप सुटकेचा नि:श्वास टाकून पुन्हा मद्याचे पेले हातात घेतात. मुलगी आणि मुलगा मात्र मागे फिरायला तयार नसतात. आपण जे केलं ते तर केलंच ना, एवढाच त्यांचा मुद्दा. म्हणजे संदेश देऊन झाल्यावर नाटककार त्याची परीक्षा घेतो: भीती गेल्यावर यातलं कोणात काय उरतं? मग पुन्हा फोन वाजतो, तो वेगळा विषय. तुमची एकांकिका भाषणावर संपते, म्हणून परीक्षा होतच नाही. भाषण दहा मिनिटं आधी आणा आणि मग कंत्राटदाराला फोन येऊ द्या की पोलिसांनी अपघाताची नोंद केलीय, कुणाचं नाव घेतलेलं नाही. त्यानंतर कोण पहिल्यांदा खुर्चीतून उठतो, हे लिहा.

परक्या नाटकावर फार बोललो. आपल्याकडचं एक उदाहरण मी प्रत्येक कार्यशाळेत हमखास देतो, कारण ते उलट्या बाजूने शिकवतं. गडकऱ्यांचं 'एकच प्याला', १९१९. दारूविरुद्धचं नाटक. त्यात सज्जन, समंजस, योग्य तेच बोलणारा रामलाल आहे. आणि तळीराम आहे, जो दारूची बाजू इतक्या बेफाम तर्काने लढवतो की नाट्यगृह हसून लोळतं. शंभर वर्षांनी लोकांच्या तोंडी कोण आहे? तळीराम. रामलालचं वाक्य सांगा म्हटलं तर चांगले चांगले नाटकवाले अडतात. काही जण म्हणतात की यामुळे नाटकाचा हेतू फसला. मला तसं वाटत नाही. तळीरामाच्या युक्तिवादाला आपण हसतो, म्हणजे क्षणभर त्याच्या टेबलावर बसतो, आणि मग दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकरच्या बायकोच्या, सिंधूच्या, घरात काय होतं ते बघावं लागतं. हसलेला माणूस बेसावध असतो. आणि दारू माणसाला टप्प्याटप्प्याने कशी गिळते हे रामलालला समजावून सांगतो कोण, तर बुडत चाललेला सुधाकर. उपदेशकाने सांगितलं असतं तर ते कीर्तन झालं असतं.

तेव्हा तुमच्या कंत्राटदाराला तळीरामाइतकी बुद्धी द्या. आत्ता तो फक्त 'आम्हाला काय साहेब, मिळेल तो माणूस उतरवायचा' असं म्हणतो. हे त्याचं पात्र नाही, तुमचा त्याच्याबद्दलचा राग आहे. त्याला विचारा, तो खरं बोलेल: मशीनचा दर सांगितला की पुढची सोसायटी फोन उचलत नाही, ज्याला उतरवलं त्याच्या भावालाही मीच काम दिलंय, मीही कधीकाळी टाकीत उतरलोय. आता तो प्रेक्षकाला चुकीचा तर वाटेल, पण त्याला झटकून टाकता येणार नाही.

मेलेल्या कामगाराकडे वळू. तुमच्या संहितेत तो गरीब, प्रामाणिक, मुलीच्या शिक्षणासाठी राबणारा आहे. सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात. इथे मी जरा कठोर होतो: असा बळी नाटकाला मारक ठरतो. माणूस चांगला होता म्हणून त्याचं मरण वाईट, असा हिशेब नकळत तयार होतो. तो आळशी असता, उधारी बुडवणारा असता, तर मेला तरी चाललं असतं का?

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली लीला बेणारे आठवा. १९६७ साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेने ते केलं. एक हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगाला येते आणि वेळ घालवायला खोटा खटला खेळते; आरोपी बेणारे. बेणारे सुरुवातीला त्या गावातल्या सामंतासमोर एकटी बसून आपल्या सहकाऱ्यांची टर उडवते. वकिली न चालणारा सुखात्मे, इंटरला नापास झालेला शास्त्रज्ञ पोंक्षे, काशीकर नवराबायको, सगळ्यांना ओरबाडते. तिची जीभ तिखट आहे. म्हणूनच पुढे खेळातल्या खटल्यात ही मंडळी तिच्यावर तुटून पडतात तेव्हा आपल्यालाही त्यांचा सूड थोडा थोडा समजतो, आणि तो समजला म्हणून आपली आपल्यालाच शिसारी येते. ती सोज्ज्वळ असती तर आपण पहिल्या मिनिटापासून तिच्या बाजूला आरामात बसलो असतो. शिवाय गंमत बघा, खटला उभा राहतो भ्रूणहत्येच्या आरोपावर आणि शेवटी तेच कोर्ट तिच्या पोटातला गर्भ नष्ट करायला सांगतं. यावर एकही पात्र भाष्य करत नाही. करायची गरजच नाही, सगळं निकालातच आहे.

त्याच नाटकात आणखी एक गोष्ट आहे जी तुम्हाला थेट उपयोगी पडेल: प्रोफेसर दामले. बेणारेच्या पोटातल्या बाळाचा बाप तो; ज्या माणसाची जबाबदारी सगळ्यात मोठी तोच रंगमंचावर येत नाही. त्याला साक्षीला बोलवायची कुणाला निकडही वाटत नाही. न आलेल्या पात्राने केवढं काम केलंय! तुमच्याकडे सोसायटीचे अध्यक्ष परगावी आहेत असा एक ओझरता उल्लेख आहे. तो तसाच सोडू नका. प्रत्येक जण 'अध्यक्षांना विचारून केलं' म्हणू दे. त्यांना फोन लागू दे, ते घाईत दोन वाक्यं बोलून ठेवून देऊ देत. ती वाक्यंही शहाणपणाचीच असू देत.

मग त्या कामगाराचं काय करायचं? ईव्हा स्मिथसारखं त्यालाही मंचावर न आणता ठेवलंत तर बरं, पण त्याच्याबद्दल माहिती परस्परविरोधी येऊ द्या. खजिनदार म्हणेल पैशावरून फार घासाघीस करायचा. सचिवाला त्याचं नावही धड आठवू नये. 'तो नेहमीचा' म्हणावं. वकीलबाईंना आठवावं की त्याने एकदा लिफ्टमध्ये त्यांची पिशवी धरली होती आणि त्या त्याला थँक्यू म्हणाल्या होत्या की नाही हे त्यांना सांगता येत नाही.

आता वकीलबाई. मी त्यांना काढायला सांगणार नाही, पण त्यांना उंचावरून खाली आणा. नाटककाराचा मुखवटा घातलेलं पात्र वाईटच असतं असं नाही. इब्सेनच्या १८८२ च्या 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल'मधला डॉक्टर स्टॉकमन तर नाटकभर सत्यच सांगत असतो की गावाच्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे. पण तो गर्विष्ठ आहे, अधीर आहे, सभेत लोकांना तुच्छ लेखतो, आणि त्याचा तोच स्वभाव त्याच्या सत्याच्या आड येतो. त्यामुळे प्रेक्षकाला दोन गोष्टी एकदम धराव्या लागतात: याचं म्हणणं बरोबर आहे आणि हा असह्य आहे. तुमच्या वकीलबाईंना सत्य आणि सभ्यता दोन्ही मिळालंय. इतकं एका माणसाला देऊ नये.

तुमचं वाक्य असं आहे:

वकील: तुमच्या बेपर्वाईने एका माणसाचा जीव घेतलाय! समाज म्हणून आपण कधी जागे होणार?

मी त्या जागी असं काहीतरी करून बघेन:

खजिनदार: त्याने दोन आकडे दिले होते. एक मशीनचा, एक माणसाचा.
सचिव: मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही, फरक कशाचा म्हणून.
वकील: मी विचारलं होतं.
सचिव: विचारलंत. मग म्हणालात, काय ते लवकर करा, वास घरात येतोय.
(थांबतात.)
वकील: ते इतिवृत्तात आहे?
खजिनदार: विचारलंत ते आहे. पुढचं लिहिलं नाही.
वकील: … बरं.

त्या 'बरं'मध्ये काय आहे ते नटी शोधेल. सुटका आहे, लाज आहे, वकिली हिशेब आहे. यात जबाबदारी हा शब्द कुठेही नाही. पण इमारतीत राहणारा, मीटिंगला न जाणारा, वासाची तक्रार केलेला प्रत्येक प्रेक्षक त्या इतिवृत्तात सापडतो.

याला जोडून एक तांत्रिक सूचना. तुम्ही अभ्यास चांगला केलाय हे दिसतं. २०१३ चा कायदा अशी टाकी संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घ्यायला मनाई करतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई १० लाखांवरून २०२३ मध्ये ३० लाख केली, ही माहिती वकीलबाई एका दमात सांगतात. प्रेक्षक ती माहिती म्हणून ऐकतो आणि विसरतो. तीच माहिती भीती म्हणून येऊ द्या. खजिनदाराने कुठेतरी ३० लाख हा आकडा वाचलेला असतो आणि तो मनातल्या मनात फ्लॅटच्या संख्येने भागत असतो. सचिवाला कायदा माहीत नाही, 'आपण कुठे त्याला कामावर ठेवलं होतं, कंत्राटदाराने ठेवलं' एवढंच तो धरून बसलाय. आकड्यामुळे कुणाचा चेहरा उतरला की तो आकडा नाटकाचा झाला.

पात्रं किती, हेही विचारलंत. पाऊण तासात चार पुरेत, पाचवं आणू नका. कामगाराची बायको शेवटच्या प्रसंगात यावी का याबद्दल मात्र मी ठाम नाही. चांगली नटी असेल, बाई फक्त त्याचा मोबाइल घ्यायला आलेली असेल आणि कुणाला एक शब्दही सुनावत नसेल, तर ते फार जोरकस होईल. रडली, तर गेलं. प्रेक्षकही रडेल, हलका होईल, आणि बाहेर पडून चहा घेईल. तुमच्याकडच्या नटसंचावर ते ठरवा.

थोडक्यात पुन्हा, म्हणजे तालमीला बसताना हाताशी राहील. प्रत्येकाला एक टाळलेला निर्णय आणि त्याचं पटण्याजोगं कारण द्या. चुकीच्या बाजूला उत्तम युक्तिवाद द्या. उपदेशाचं वाक्य ठेवायचंच तर ज्याला ते बोचेल त्याच्याकडून वदवा. बळीला देवत्व देऊ नका. मुख्य दोषी बाहेर ठेवता आला तर ठेवा. आणि भाषणानंतर दहा मिनिटं राखून ठेवा.

हे सगळं करून झालं की एक वाचन असं करा: ज्या ओळी तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतात, ज्यांवर टाळी येईल असं वाटतं, त्या नटांना वगळून वाचायला सांगा. दिग्दर्शकाला आधी काही सांगू नका. वाचन संपल्यावर नाटक कशाबद्दल आहे ते त्याला विचारा. त्याने टाकीबद्दल बोलायच्या ऐवजी मीटिंगबद्दल बोलायला सुरुवात केली, तर त्या ओळी परत घालायची गरज नाही. नुसतंच 'छान आहे' म्हणाला, तर खजिनदारापासून पुन्हा सुरुवात करा; तुमच्या चौघांत मला तोच सगळ्यात कच्चा वाटतोय.